चार जाड तारा

गेल्या काही वर्षांत आमच्या घरात 'सात' आणि 'हात' या दोन शब्दांत फरक उरलेला नाही. हे म्हणतात, "सात किलो गूळ आलाय, ठेवून घे." मला ऐकू येतं, हात किलो. मी म्हणते, "काय?" ते परत म्हणतात, जरा जोरात. जोरात बोलल्याने काही होत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. आवाज मला येतो. त्यातला 'स' येत नाही.

म्हापशाला जाऊन कानांची तपासणी करून घेतली. कानात बोंडं घालून काचेच्या खोलीत बसवतात, बारीक शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी चांगली विद्यार्थिनी असल्यासारखी बटण दाबत होते. मग एक वेळ अशी आली की बराच वेळ काहीच वाजलं नाही. मला वाटलं, त्या मुलीचा फोन आला असेल. मान वर करून बघितलं तर ती काचेपलीकडून माझ्याकडेच बघत होती, आणि शिट्टी वाजतच होती.

तपासणीचा आलेख हातात मिळाला. डावीकडे जाड, खालचे स्वर. उजवीकडे बारीक, वरचे. माझी रेघ डावीकडे जवळजवळ सपाट आणि दोन हजारांच्या पुढे शाळेतल्या घसरगुंडीसारखी खाली. वयाने कान जातात ते बहुतेकांचे असेच, वरून जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. 'स', 'श', 'थ', 'फ' ही अक्षरं तिथे उजवीकडे राहतात. म्हणून माणूस बोलतोय ते कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. दोन्ही कानांना यंत्र लावा म्हणाले. साध्यातली साधी जोडी चाळीस हजारांच्या आसपास.

चाळीस हजार माझ्याकडे होते. भिशी लागली होती, एप्रिलमध्ये. यांच्याकडे मागायचे नव्हते. आमचं दुकान ट्रकच्या सुट्या भागांचं. डिचोलीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. दारावरून दिवसाला शेकड्यांनी जाणारे ट्रक थांबले आणि आमच्या फळीवरचे फिल्टर, बेअरिंगं, ब्रेकचे लायनर जागच्या जागी म्हातारे झाले. त्यानंतर घरात जो पैसा येतो तो मोजून येतो. भिशीचे चाळीस हजार म्हणजे यंत्राचे, हे कुणी न बोलता ठरून गेलं होतं.

आणि मी त्यातून एक जुनी बेस गिटार घ्यायचं मनात आणलं.

थांबा, हसू नका. मी सांगलीकडची, माहेरची पेटी घेऊन गोव्यात आलेली. आईची पेटी. देवळात आरती-स्तवनाला वाजवायची, आणि इथे शेजारणींच्या भजनी मंडळाला पेटीवाली नव्हती म्हणून त्यांच्यातही बसायला लागले. पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा गेले, अठराव्या शतकाच्या शेवटी, त्यामुळे इकडे भजन, पखवाज, दशावतार यांचा जोर. मराठी अभंग म्हणणाऱ्या बायका मला वाडीवाडीत मिळाल्या. माझं देऊळ वेगळं, त्यांचं वेगळं, पण काळी चार सगळ्यांची एकच. सोळा वर्षं बसले त्यांच्यात.

मग एका स्पर्धेत गडबड झाली. गाणारीने सूर बदलला, मला कळलं नाही. मी जुन्याच पट्टीत पेटी रेटत राहिले. टाळांचा किणकिणाट मला येतच नव्हता, त्यामुळे लय कुठे चढली तेही समजलं नाही. आपल्या बायका फार चांगल्या. कुणी काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नवीन मुलगी पेटीवर होती आणि मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आता कोरसात या." कोरसात म्हणजे कुठे, ते आपल्याला कळतं. मी दोनदा गेले आणि पाय दुखतात सांगितलं.

पेटी मला अजूनही ऐकू येते, तसं नाही. पण तिच्या अंगावरची चकाकी गेली आहे. घासूनही न उजळणाऱ्या पितळेसारखी वाजते.

त्यानंतरची गोष्ट मांद्र्याची. यांच्या दुकानातल्या जुन्या मेस्त्रीच्या मुलीचं लग्न, ख्रिश्चन कुटुंब. चर्चमधून मंडपात आलो तर बँड उभा. मला अशा ठिकाणी जीव नकोसा होतो. शंभर माणसं बोलतात आणि सगळ्याचा नुसता खिचडा कानात येतो. गाणारा गात होता, शब्द गेले. व्हायोलिन होतं, तिचा गज हलताना दिसत होता, सूर अर्धाच. पण मी ज्या लोखंडी खुर्चीवर बसले होते त्या खुर्चीतून, चपलेच्या तळव्यातून, एक गोष्ट येत होती, अगदी स्वच्छ. एक एक स्वर सुटा. षड्ज, पंचम, मग खाली, मग पुन्हा वर. मी डोळे मिटले आणि पाच मिनिटांत ते गाणं ओळखलं, हिंदी सिनेमातलं, आमच्या कॉलेजच्या काळातलं. नुसत्या त्या खालच्या सुरांवरून. कितीतरी दिवसांनी मला एखादी गोष्ट अर्धी ऐकू आली नव्हती.

भाचा शेजारी होता, पणजीत असतो, गिटार वाजवतो. त्याला विचारलं हे कुठून येतंय. त्याने कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. चार तारांची लांब मानेची गिटार. "बेस आहे, मामी. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की सगळे पडतात."

घरी आल्यावर तो आलेख काढून बघितला. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा, भाच्याने सांगितलं, साध्या गिटारच्या जाड चार तारांच्याच नावाच्या, पण बरोबर एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते, दुसरी पंचावन्न, तिसरी त्र्याहत्तर, चौथी अठ्ठ्याण्णव. माझ्या आलेखाची सुरुवातच होते अडीचशेला. म्हणजे डॉक्टरांचा कागद जिथे सुरू होतो त्याच्याही अलीकडे, जिथे मला कुणी तपासलंच नव्हतं, तिथे हे वाद्य राहतं.

आता गोव्यात हे वाद्य नवलाचं नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत, त्यातून शिकलेली माणसं मुंबईच्या सिनेसंगीतात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत संयोजक सेबास्टियन डिसोझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार टोनी वाझ वाजवायचे. आपण ती गाणी जन्मभर ऐकली, गुणगुणलो ती वरची चाल. खालून कोण सांभाळतंय याकडे माझं तरी कधी लक्ष गेलं नव्हतं. वाद्यही तसं नवं आहे. आधी तो माणसाएवढा उभा डबल बास असायचा, उचलून नेताना जीव जायचा. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली खांद्याला अडकवता येईल अशी विजेवरची बेस बाजारात आणली. माझ्यापेक्षा फार मोठी नाही.

भाच्याने विचारपूस केली. नवी घ्यायची तर पंधरा-वीस हजार, शिवाय ॲम्प्लिफायर वेगळा. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर मे महिन्यात परदेशी पाहुणे परत जाताना गिटारी, ढोल, सायकली काय वाटेल ते विकून जातात, तिथेही तो फिरून आला. खारी हवा खाऊन गंजलेल्या, मान वाकलेल्या. शेवटी मांद्र्यातलंच एक घर मिळालं. साठी उलटलेले एक गृहस्थ, आखातातल्या हॉटेलांत आणि नंतर इथल्या तियात्रांच्या बँडमध्ये वाजवलेले. बोटं आखडली म्हणून विकतायत. ॲम्प्लिफायरसकट चौदा हजार.

गेलो. डिचोलीहून म्हापसा, शिवोली, चोपड्याचा पूल, मग मांद्रे. त्यांच्या ओसरीवर बेस आधीच काढून ठेवलेली. ते भाच्याकडे बघून बोलत होते. भाचा म्हणाला, मला नाही, मामीला हवी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाच फूट उंची, सहावारी, कपाळाला चंदन.

"बाय, तूं वाजयतली?"

म्हटलं, हो.

"बरें. बस."

एवढंच. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, हे मला फार आवडलं. आमच्या घरी तीन दिवस का-का चाललं होतं.

जुनं वाद्य कसं बघायचं ते त्या दिवशी शिकले. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते. आधी मान. सुतार फळी डोळ्यासमोर धरून बघतो तशी टोकाकडून बघायची, पिळली तर नाही ना. किंचित बाक असला तर चालतो, मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ती चावीने पिळून सरळ करता येते. पीळ पडला असेल तर घेऊ नये. मग मानेवरच्या आडव्या पट्ट्या, फ्रेट म्हणतात, त्यांच्यावर तारेने खड्डे पाडलेत का. मग प्रत्येक पट्टीवर प्रत्येक तार दाबून ऐकायची, कुठे खरखर, कुठे मुका. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या पट्टीवरचा सूर एक सप्तकाने तंतोतंत जुळतो का. शेवटी आवाजाची बटणं फिरवायची. करकर आली तर आत धूळ-गंज आहे, ते फवारा मारून जातं. तारांचा जोड दीड-दोन हजारांना पडतो हे ऐकून मी दचकले. आमच्या पेटीला तारा नाहीत हे किती बरं.

मान बरी निघाली. खाली दोन-तीन पट्ट्या झिजलेल्या, जिथे त्यांची बोटं जास्त राहिली तिथे. मी मांडीवर घेतली. चार किलो असेल, झोपलेल्या नातवासारखी जड. तारेची लांबी चौतीस इंच, पहिल्या पट्टीपर्यंत माझा हात जेमतेम पुरला. त्यांनी माझा अंगठा धरून मानेच्या मागे नेमका कुठे ठेवायचा ते दाखवलं. ॲम्प्लिफायर लावला. मी तिसरी तार ओढली.

काय सांगू. बरगडीला टेकलेलं लाकूड बोललं. कान मधे आलाच नाही.

आणि मग मी ते विचारलं. माझ्या डोक्यात मिरजेची सतारमेकरांची गल्ली होती. लहानपणी तिथे बघितलेलं, तंतुवाद्याची घोडी हाडाची, शिंगाची करतात. बेसच्या मानेच्या टोकाला खाचांची एक बारीकशी पांढरी पट्टी असते, तिच्यावरून तारा जातात, नट म्हणतात तिला. मी बोट ठेवून विचारलं, हे प्लास्टिक ना?

त्यांचा चेहरा उजळला. "ना, ना. हाडाचें. हांवेंच केलां." कारखान्याची प्लास्टिकची पट्टी त्यांनी काढून टाकली होती. खाटकाकडून बैलाचं हाड आणलं, उकळून, उन्हात वाळवून, कानशीने तीन दिवस घासून खाचा पाडल्या. आवाज खुलतो त्याने, मोकळी तार जास्त वेळ टिकते. त्यांना तो या वाद्यातला सगळ्यात अभिमानाचा भाग होता. मी मात्र बोट उचललं. नकळत. त्यांनी ते बघितलं.

कुणीच बोललं नाही थोडा वेळ. त्यांच्या बायकोने केक आणला होता, त्यात अंडं, मी तोही घेतला नव्हता. आता मलाच लाज वाटायला लागली. एका माणसाचं काम मी असं टाकून दिलं, तेही त्याच्याच ओसरीवर बसून.

"बेजार जायनाका," ते म्हणाले. मी त्यांना म्हणायला हवं होतं ते.

दोन हजार इसार ठेवला, आठ दिवसांत सांगते म्हणाले आणि सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचं म्हणून निघालो. वाटेत भाचा म्हणाला, पितळेचं नट मिळतं, तीन-चारशे रुपये, बसवून घेऊ. प्रश्न मिटला त्याच्या लेखी. माझा नाही मिटला. घरी येऊन मी आईची पेटी उघडली, खरं तर खूप वर्षांनी आतून बघितली. भात्याच्या कोपऱ्यांना कातडं. झडपांच्या खाली कातडं. माझ्या आईने ही पेटी देवासमोर चाळीस वर्षं वाजवली, मी पुढे वाजवली, आणि आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही. मंदिरातल्या तबल्याकडे तर बघायलाच नको. जे आपल्या घरात आधीपासून असतं त्याची आपण चौकशी करत नाही, परक्याच्या ओसरीवर मात्र बोट ठेवून विचारतो.

तरी मला ते हाड नको होतं. हेही खरं.

रात्री यांच्याशी बोलणं झालं. ते रागावले नाहीत, ते हिशेब मांडतात. सव्वीस हजारांत यंत्राची जोडी येत नाही. "आधी यंत्र, मग काय हवं ते." त्यांचं चूक नव्हतं. दिवसातून वीस वेळा 'काय?' ऐकणारा माणूस थकतो. पण माझ्या लक्षात आलं होतं की यंत्राबद्दल सगळे बोलतात ते स्वतःच्या सोयीने. हे, मुलगा, सून, मंडळातल्या बायका. मी ऐकलं की त्यांचं बोलणं सोपं होणार. मला काय ऐकायचं आहे हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या मांडवातल्या खुर्चीपर्यंत माझं मलाही माहीत नव्हतं. यंत्र नको असं मी म्हटलं नाही. दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं. दिवाळीला एक विम्याची पावती सुटत होती.

राहिल्या आमच्या आत्याबाई. वय चौऱ्याऐंशी, माझ्या सासूबाई. त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी परिग्रहाचं प्रमाण घेतलंय. बारा पातळं, दोन शाली, चार भांडी, असं मोजून. एक आत आलं की एक बाहेर. घरालाही त्या तोच नियम लावू बघतात, आम्ही जमेल तेवढा पाळतो. शास्त्रात परिग्रहाचे प्रकार सांगितले आहेत, शेत, घर, सोनं, चांदी, धन, धान्य, नोकरचाकर, कपडे, भांडी. यात बेस गिटार कशात धरायची हे मी मनाशी बघत होते. भांड्यांत घालावी लागली असती.

सकाळी त्यांच्या खाटेशी जाऊन सांगितलं. त्यांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे शेजाऱ्यांना फुकटचं नाटक. मी ओरडून विचारलं, "एक वाद्य आणायचंय. मग आईची पेटी बाहेर काढायची का?" हे विचारताना घसा दाटला होता, ते ओरडण्यात खपून गेलं.

"पेटी कशाला गं?" त्या म्हणाल्या. "तो भट्टीचा डबा काढ की. एकदा बिस्किटं करपवलीस, त्यावर झाकण घालून ठेवलायस."

ओव्हन. तीन वर्षं फडताळावर पडून होता. त्याच दिवशी शेजारच्या मुलीला दिला, ती केक करून विकते, बिनअंड्याचे.

आठव्या दिवशी मी एकटी गेले, बसने. बारा हजारांत ठरलं. पितळेची पट्टी त्यांनी स्वतःच बसवली, माझ्यासमोर. तारा सैल केल्या, लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच एक ठोका, आणि ती पांढरी पट्टी तळहातावर. जुन्या रुमालात गुंडाळून खिशात घातली. तोंडावर काही दिसू दिलं नाही, मीही बघत बसले नाही. पितळ लावल्यावर त्यांनी जाड तार ओढली, कान मानेला लावला, जरा वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, वाईट नाही. दर पंधरा दिवसांनी ये, शिकवतो. पैसे नकोत म्हणाले, तेव्हा मी सांगितलं, मग येणार नाही. एका बैठकीचे दोनशे ठरले.

जूनमध्ये पाऊस लागला. बेस माझ्या खोलीत, भिंतीला चिकटून नको म्हणून कपाटाच्या आड, पिशवीत दमट हवेसाठी सिलिकाच्या पुड्या. दुपारी दुकान बंद असतं, हे झोपतात, तेव्हा मी बसते. अजून गाणं असं काही येत नाही. चार तारा, मोकळ्या, मोजून, एकाच लयीत. मास्तर म्हणतात महिनाभर दुसरं काही करू नको.

पहिल्या दिवशी आवाजाचं बटण कुठवर फिरवायचं याचा अंदाज नव्हता. दुसरी तार ओढली तशी स्वयंपाकघरातल्या फळीवरची पेलेवाटी थरथरायला लागली. हे मला नंतर समजलं, तो बारीक खणखणाट मला थोडाच ऐकू येतो. मला फक्त जमीन कळत होती. मी ओढत राहिले.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, खड्या सुरात, "अगं, ट्रक सुरू झाले काय परत?"

"नाही," मी ओरडून म्हणाले, "मीच आहे."

"हां," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग दार का लावून घेतलंस?"

मी उठून दार उघडलं.